पत्रे पुसले, धुतले नाहीत

११ नोव्हें.
वैशाली तीन वर्षं आमच्या प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली पीएचडीला घासतेय. आज पहिल्यांदा तिला उड्या मारताना पाहिलं. तांब्यात कथलाचा चिमूटभर अंश घातलेले तिचे पत्रे. एक टोक द्रव नायट्रोजनमध्ये गार करायचं, दुसरं तसंच ठेवायचं. वीज मोजणाऱ्या गॅल्व्हनोमीटरवरचा उजेडाचा ठिपका थोडा उजवीकडे सरकतो. आज डावीकडे गेला, तोही झरझर. "काका, उलटं गेलं, उलटं!"
पुस्तकं म्हणतात, लोखंडासारख्या चुंबकी धातूचे कण आत असले तरच असं होतं, आणि लाखात दोन-चार कणही पुरतात. इथं तर नुसतं कथील. सर म्हणाले, नवीन गोष्ट आहे, पेपर होईल. पेढे आले. माझा खिशातच चिकटून बसला.

१२ नोव्हें.
पत्रे रोलरवर मीच दाबले होते. नीट आठवतंय, आठवू नये असं वाटतं. त्याच सकाळी त्याच रोलरमधून वर्कशॉपच्या लोखंडी पट्ट्या काढल्या होत्या. दाबल्यावर पत्रे ॲसिडनं धुवायचे, मगच भट्टीत. पण आदल्या खेपेला ॲसिडनं पत्रा खाल्ला, जाळी झाली, सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हात आहेत का लाकडं?" म्हणून या खेपेला नुसते कापसानं पुसले. चकचकीत दिसले, म्हटलं झालं. असा मी हुशार. लाल तापल्यावर वरचं लोखंड आत मुरणार नाही तर काय.
कदाचित नसेलही. कदाचित कथलाचंच असेल. देवा, कथलाचंच असू दे.

१४ नोव्हें.
सौ. म्हणाली, "तीन दिवस झाले, ताटात नुसतं चिवडताय. तिथं काय झालंय का?"
"काय नाय."
"मग जेवा की."
सहा वर्षं हंगामी आहे. कायम करायचा कागद सरांच्या टेबलावर आहे, सही तेवढी राहिलीय. गारखेड्यातल्या या दोन खोल्या, हे ताट, सगळं त्या सहीवर. कसं सांगू तिला?

१७ नोव्हें.
सरांनी विचारलंच. "लोखंड कुठून शिरलं नसेल ना?" मी तोंड उघडायच्या आत वै. म्हणाली, "नाही सर, काकांनी धुतलेत." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही. त्यांना हो वाटलं.
तेव्हाच बोलायला हवं होतं. आता उशीर झाला.

२१ नोव्हें.
वै.चे वडील गंगापूरहून आले, जीपनं. धोतर, टोपी, पिशवीत गुळाची ढेप. "पोरीचं नाव छापून येनार म्हनं. सांगत असती, काका नसते तर व्हायचंच नाय." माझे दोन्ही हात हातात घेतले. "हेच हात व्हय?"
भीती वाटते, सकाळी डोळे उघडल्यापासून.

२४ नोव्हें.
पेपर पाठवण्याआधी एकदा खात्री करू, सर म्हणाले. पत्रे ज्या कांबीचे होते तिच्या उरलेल्या तुकड्यातून नवा पत्रा दाबायचा. म्हणजे निकाल माझ्याच हातात आला. धुतला, तर ठिपका उजवीकडे, वैशालीची आशा मातीत आणि मी उघडा. नाही धुतला, आधी लोखंडी पट्टी रोलरमधून फिरवली, तर डावीकडे. सगळे खूश, सही होईल. पुढं कधीतरी कुणी नीट धुवून करून बघेल आणि हसेल. हसेल ते तिला. पेपरावर माझं नाव नसणार.

२६ नोव्हें.
पट्टी हातात घेतली होती. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू. बराच वेळ धरून उभा होतो. मग ठेवली. रोलर रॉकेलनं पुसला, पत्रा दाबला, ॲसिड पातळ करून दोऱ्यानं आत सोडला. जाळी झाली नाही. मग भट्टीत टाकला.
वै.ला सांगायला ग्रंथालयात गेलो. पेपराचं पहिलं पान सुवाच्य अक्षरात उतरवत होती. परत आलो.

२८ नोव्हें.
नायट्रोजनचं भांडं नऊला आलं. वै. ठेवणीतली साडी नेसून आलीय. तारा जोडायला मलाच बोलावलं. जोडल्या. म्हटलं, "वैशाली, आधी माझं एक ऐक."
"माप झाल्यावर ऐकते काका. पळून जाताय का कुठं?"
"नाही, आत्ताच..."
पण सर आले. खोलीत अंधार केला, ठिपका नीट दिसावा म्हणून. मी बाहेर आलो. दाराशी स्टुलावर बसून हे लिहितोय. ओतल्याचा फसफस आवाज आला, थांबला. सर काहीतरी पुटपुटले. खुर्ची सरकली.
वै. हाक मारतेय. "काका, जरा आत या."
ठिपका कुठं गेला, आवाजावरून काही कळत नाही.