कडा कापलेलं फ्रेंच पुस्तक

बाबा, कापायचंच होतं तर आधी कुणाला विचारायचं तरी. पण तुमचं एकच उत्तर असायचं, "कड सरळ नाई त पुस्तक कायचं, रद्दी." शाळांची रजिस्टरं बांधून बांधून हाताला तीच सवय. ऊर्जानगरच्या वीज कॉलनीतल्या क्वार्टरातला एक साहेब बदलून गेला, त्याच्या रद्दीत हे पुस्तक निघालं. चित्रं आवडली म्हणून तुम्ही मागून घेतलं, मळकं कागदी कव्हर फेकलं, मशीनवर तिन्ही कडा कापल्या अन् लाल रेक्झिन चढवून घरी आणलं. मी बोट लावलं तर हात झटकला होता.

आता मी पुद्दुचेरीत ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे कामाला आहे, ते असलीच फ्रेंच पुस्तकं जमवतात. मोजक्याच प्रती छापलेल्या, प्रत्येकीवर तिचा नंबर, वरून चामड्याची बांधणी. सातवीत शाळा सोडलेल्या मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण धूळ पुसता पुसता एवढं समजलं, की त्यांच्या कडा खडबडीतच ठेवतात. कापल्या की किंमत गेली.

तुमच्या माघारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पैशांवाचून अडलं आहे. दिवाळीत घरी गेलो तर तीच म्हणाली, "घेऊन जाय अन् विकून टाक ना बाप्पा. मले चित्रं तशीबी दिसून नाई राह्यली."

डॉक्टर भिंगातून नंबराचं पान बघतात. ही प्रत ते कधीपासून शोधत होते. मग ते कडेवरून बोट फिरवतात आणि पुस्तक मिटतात. एका चित्रातल्या घोड्याचे कान तुमच्या मशीननं नेले आहेत. अख्खं पुस्तक नको, चित्रं सोडवून दे, फ्रेम करतो, त्याचे पैसे देतो, असं हिंदीत सांगून ते सुरी माझ्याच हातात देतात.

रेक्झिन उचकटलं. खाली तुमची शिवण, रजिस्टरचीच, पांढऱ्या दोऱ्याची, इतकी आवळलेली की सुरीचं टोक शिरेना. तुमचा राग येत होता. तिकडे आईची नजर जात होती, इकडे माझा हात पुढं सरकत नव्हता. सुरी खाली ठेवली. डॉक्टर चिडले, पण मागितल्यावर पगारातून उचल दिली.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून सांगतो. पुस्तक माझ्यापाशीच आहे, पण आईला मी ते विकलं असंच कळवलं आहे. चांगल्या माणसाकडं गेलं का, तिनं विचारलं. हो म्हणालो. अठरा हजार पाठवतो आहे.