सुईची लांबी सांगायची राहिली

दि. १२ मार्च, मंगळवार

ती. ताईस,

नमस्कार. आज कामावर गेलो, चाळीस नग वाया घालवले, साडेचारला घरी आलो. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? मी बरा आहे. (फोन करत नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मग मी हवेबद्दल बोलत बसतो.)

आई गेल्यानंतरचा हा कामावरचा दुसरा दिवस. माझ्या मशीनमध्ये मोजायला एक सुई असते, तिला प्रोब म्हणतात. टोकाला माणकाचा बारीक मणी. ती नगाला टेकली की मशीनला कळतं किती कापायचं. (माणकाचं ऐकून आईने एकदा विचारलं होतं, तुझ्या बायकोसाठी एखादं मिळेल का. बायको कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.) सकाळी सुई तुटली, मी नवी बसवली. नवी सुई आधी माप ठाऊक असलेल्या ठोकळ्यावर टेकवून मशीनला तिची लांबी सांगायची असते. ठोकळा मी कपाटातून काढला, पुसला आणि परत कपाटात ठेवला. मधलं डोक्यातून गेलं. सुई केसभर लांब निघाली, म्हणून प्रत्येक नग केसभर चुकला, आणि त्याच सुईने तपासून मशीनने प्रत्येकाला पास केलं. दुपारी तपासणीच्या बाईंनी हाताने मोजलं. म्हणाल्या, "चाळीसच्या चाळीस एकसारखे चुकलेत. एवढं एकमत या कारखान्यात कधी झालं नव्हतं."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची दिली. "महिनाभर घरी राहा."

"घरी काय करू?"

"काही करू नकोस, तेवढ्यासाठीच तर."

(त्यांच्या घरात सात माणसं आहेत. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि दोन्हींत मीच असतो.)

काळजी करू नकोस. पत्र नुसतं खुशालीचं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. कारखान्याच्या फॉर्मवर घरचं माणूस म्हणून आईचं नाव होतं, ते आज खोडून तुझं लिहिलं. साहेब सोमवारी तुला फोन करतील, रजेचं त्यावर ठरेल. मी नीट जेवतो, झोपतो, कामावर असलेलाच बरा, एवढं सांग. त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. झोप लागत नाही. हे फक्त तुला. गॅलरीतले कपडे वाळलेत, ते काढून घड्या घालतो.