फरशीवर पाय ठरत नाही

दादा, बापाला पत्र लिहायला फार उशीर केला, रागावू नका. तुम्ही गेल्यापासून चार ओळी लिहाव्यात असं मनात यायचं, पण माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर वाकडं, आणि वर पत्ता तरी कुठला घालायचा. आता मी तुमच्या वयाच्याही पुढं गेलोय. मंठ्याकडच्या आपल्या घराला कुलूप आहे, मी जुन्या जालन्यात मुलाकडं राहतो. घर चांगलं आहे, पण फरशी इतकी गुळगुळीत की पाय ठरत नाही. भिंतीला हात लावत चालतो. पडलो, कंबर मोडली, तर यांना किती त्रास, हेच दिवसभर डोक्यात. सूनबाई सारखी म्हणते, "मामा, जपून." नातीला शाळेत घर्षणाचा धडा आहे. परवा ती मोठ्यानं वाचत होती, की दोन वस्तू एकमेकींना घासल्या नाहीत तर माणसाला चालता येणार नाही, गाडी थांबणार नाही, पाटीवर अक्षरसुद्धा उमटणार नाही. मी म्हटलं, "हे मला ठाऊक हाये." ती हसून म्हणाली, "आबा, तुम्हाला कुणी शिकवलं?" तिला काय सांगू.

आठवतं ना, आपण बैलगाडीत कापूस घेऊन परतूरला चाललो आहोत. माझं लग्न नुकतंच झालंय आणि वाट सासुरवाडीच्या गावावरून जाते. उतारावर चाकाला दाबून गाडी थोपवणारं आपलं लाकूड असं किंचाळायचं की ओट्यावरची माणसं वळून बघायची. मला त्याची लाज. म्हणून निघण्याआधी आखाला एरंडेलाचं वंगण घालताना मी त्या लाकडालाही चांगलं चोपडलं. ओढ्याच्या उतारावर तुम्ही दोरी ओढली, लाकूड चाकाला टेकलं आणि गाडी थांबेना. बैलांच्या मागच्या पायांना गाडी लागायला लागली. तुम्ही उडी टाकून खांदा लावलात, मी वर कापसावर तसाच. शेवटी वाळूत चाकं रुतली तेव्हा थांबलो. तुम्ही लाकडावर बोट फिरवलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "नवरदेव, सासऱ्याला आवाज जाऊ नये म्हनून का? मंग आता सासऱ्यालाच बोलव गाडी धरायला." त्यानंतर परतूरपर्यंत एक शब्द नाही. परतीच्या वाटेवरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो तर तुम्ही मागून ओरडलात, "दावं असं बांधत्यात का रे, आंधळ्या?" आणि मला इतकं हलकं वाटलं की रडूच यायचं बाकी होतं.

इथं मला कुणी असं बोलत नाही, दादा. चहात साखर जास्त झाली म्हटलं की मुलगा म्हणतो, "बराबर हाये, बाबा." पंखा आवाज करतो म्हटलं की उठून बंद करतो. त्याच्या कामाला नावं ठेवली तरी, "बराबर हाये." सगळं हातातून निसटून चालल्यासारखं वाटतं. लहानपणी हाच पोरगा माझ्याशी तावातावानं भांडायचा. म्हणून गेल्या आठवड्यात जेवताना मी मुद्दाम विषय काढला, की इथं माझा जीव लागत नाही, मला गावाकडं नेऊन सोड. त्यानं घास खाली ठेवला. "रोज एकच कुरकुर करून राह्यले तुम्ही. आम्ही काय कमी केलं ते तं सांगा. जायचं ना गावाकडं? मंग चला. रविवारी सुट्टी हाये, सोडून येतो." त्याचा आवाज चढला, सूनबाई घाबरली. पण खोटं कशाला सांगू, आत कुठंतरी बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी माझा मुलगा माझ्याशी बोलला होता.

पण तेव्हापासून तो गप्प आहे. पाणीसुद्धा नातीच्या हाती पाठवतो. आत्ता पलीकडच्या खोलीत शर्टाला इस्त्री करतोय, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. त्याच्यावर ओरडावं म्हणून मी सकाळपासून काहीतरी चूक शोधतोय, सापडत नाही. तुम्हाला पहिला शब्द कसा सुचायचा? आणि पहिला शब्द बापानं काढायचा की मुलानं?

हे पत्र मी टाकणार कुठं, उशीखाली ठेवतो. दादा, मला गावाकडं जायचं नाही. काल त्यानं माळ्यावरून माझी पेटी खाली काढून ठेवलीय. रविवारच्या आत काहीतरी कळवा.