डचेस बिनविषारी आहे

३ जून
डचेस आली. दलदलीच्या काठी ओंडक्यावर ऊन खात पडली होती. पट्टेवाल्या पाणसापाची मादी, चांगली जाडजूड. काठीनं ढकलली, पडली बादलीत. गॅरेजमधली ही आठवी टाकी. गाडी उन्हात, साप सावलीत. या उन्हाळ्यात पैदास करायचीच. सगळ्या लुइझियानात नाव होईल.

शेजारचा ओविड कुंपणावरून म्हणाला, मोकासिन आहे ती, मरशील. मोकासिन म्हणजे पाण्यातला विषारी; जागचा हलत नाही, तोंड उघडलं की आत कापसासारखं पांढरं. पण ओविडला बागेतला पाइपसुद्धा मोकासिन वाटतो. असल्याच अडाण्यांनी किती गरीब पाणसाप फावड्यानं ठेचलेत. दरवर्षी वाचनालयात मी याच विषयावर घसा कोरडा करतो.

६ जून
बाकीचे सात मला बघून पळतात. धरले की चावतात, वर घाण वास सोडतात. डचेस पळत नाही. माझ्याकडे वळते आणि तोंड उघडून बसते. याला म्हणतात विश्वास. तोंड आतून फिकट गुलाबी. ट्यूबलाइटमुळे पांढरं दिसतं. ट्यूब बदलणे.

११ जून
डचेसच्या टाकीत नर सोडला. नाव प्रिन्स. अर्लीनला बघायला बोलावलं, नाही आली. साप आल्यापासून बाईसाहेबांनी गॅरेजमध्ये पाऊल टाकलेलं नाही. तिला तिथे शिलाईचं मशीन मांडायचंय. एकतीस वर्षांचा संसार, आणि माझ्या शब्दावर एवढाही भरवसा नाही. वाईट वाटतं.

१२ जून, सकाळ
प्रिन्स दिसत नाही. झाकण घट्ट आहे. दगडाखाली नाही, पाण्यात नाही. डचेसचं पोट मात्र फुगलंय. एका रात्रीत! जातच उत्तम.

अर्लीननं गम्बोचं कालवण ढवळता ढवळता विचारलं, तिनं त्याला खाल्लं तर नाही? हसू आलं. पाणसाप मासे खातो, बेडूक खातो. साप खाणारा तो मोकासिन.

२३ जून
पोट उतरलं. पिल्लं नाहीत. ओविड ऊठसूट डोकावणार, मग गर्भ टिकेल कसा? हातात घेऊन तपासायला हवं होतं. पण तिच्या अवस्थेचा मान ठेवून अजून हात लावलेला नाही. भीती वगैरे काही नाही.

२ जुलै
ट्यूब बदलली. तरी पांढरंच. हल्ली ट्यूबच अशा येतात. पडदा लावला, आता बरं दिसतं.

८ जुलै
अर्लीन कबूल झाली! उद्या प्रार्थनेहून आल्यावर एकदा हात लावणार. त्या बदल्यात मी साप मागच्या शेडमध्ये हलवायचे आणि गॅरेज तिला द्यायचं. ठरलं.

ताटं पुसता पुसता तिनं विचारलं, "क्लोव्हिस, तू म्हणतोस ना, काही करत नाही?"

"मी म्हणतो ना."

झोप येत नाही. आनंदच तेवढा झालाय.

९ जुलै, हॉस्पिटल
मीच आधी हात घातला असता. पण झाकण मी धरलं होतं.

डॉक्टरनं विचारलं, कुठला साप चावला? सांगितलं, पट्टेवाला पाणसाप, बिनविषारी. त्यानं पुन्हा विचारलं, नीट आठवा, औषध त्यावर ठरणार आहे. मी पुन्हा तेच सांगितलं. वर हेही की, या भागात लोक दिसेल त्या सापाला मोकासिन म्हणतात. तोवर अर्लीनचा हात कोपरापर्यंत सुजला होता, बोटं काळीनिळी. नर्सनं लग्नाची अंगठी कापून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी म्हणालो, ॲलर्जी असेल.

अर्लीननं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "डॉक्टर, त्याला विचारू नका. माझ्या हाताकडे बघा."

त्यांनी मला बाहेर बसवलं. काचेतून दिसत होतं, सलाइनमधून विषावरचं औषध सुरू झालं. बोटं वाचतील की नाही ते उद्या कळेल म्हणतात. नर्स दोनदा समोरून गेली.

मला कुणी काही विचारलं नाही.