पत्र्यावर गवत

१९ मार्च २००६, सूर्यमाळ

आज परत. दिवस मावळला, मी भाताचं पातेलं उतरवत होते, आणि चुलीच्या बरोबर वर पत्रा वाजला. टक्. मग मधल्या खोलीवर. मग ओट्याच्या बाजूला, जिथं बाबांची (माझ्या सासऱ्यांची) बाज आहे तिथं, लागोपाठ. मग गप्प.

बाबा उठून बसले. रोज बसतात. मान वर करून ऐकतात आणि मला सांगतात, "आली."

कोण आली हे मी विचारत नाही. सासूबाईंना जाऊन येत्या वैशाखात वर्ष होईल. नव्या घरातला त्यांचा तो पहिलाच उन्हाळा होता.

मी सातवीला विज्ञान शिकवते. धातू उष्णतेने प्रसरण पावतो, थंड झाला की आकुंचन पावतो. पत्रा निवतो म्हणून वाजतो. लिहून ठेवते, म्हणजे उद्या संध्याकाळी वाचता येईल.


२२ मार्च

लाइट दुपारी गेली ती अंधार पडल्यावर आली. भारनियमन. पंखा वर नुसता टांगलेला. सिमेंटच्या विटांच्या भिंतींना हात लावला तर भाकरीच्या तव्याशेजारी बसल्यासारखं वाटतं.

वि. (नवरा माझा, विलास, मोखाड्याला कचेरीत कारकून) म्हणतो कूलर आणू. मी म्हटलं, आणा. त्यात पाणी कोण घालणार? बायका पहाटे विहिरीच्या तळाशी वाट्यांनी पाणी भरतात, त्यांना सांगा की आमच्या यंत्राला तहान लागली आहे. पण कूलर त्याच्या डोक्यातून गेलेला नाही, मी ओळखते.

जुनं घर कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं होतं, शेणामातीनं लिंपलेलं, वर गवत. आत शिरलं की डोळ्यांना आधी अंधार, मग अंगाला गार. पण उगाच त्याचे गोडवे गाणार नाही. दर वर्षी गवत बदलायचं, दर आठवड्याला सारवायचं. पत्र्याचं घर हवं म्हणून हट्ट धरला होता तो सासूबाईंनीच. "सारवून सारवून माझं हात गेलं. आता मला नाय जमत." त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही.


२७ मार्च

बाबा ओट्यावर पडले. दुपारी. मी शाळेतून आले तर तोंड कोरडं, अंग भाजत होतं, आणि मला ओळखेनात. बारकूच्या जीपमधून मोखाड्याला नेलं. बारकू म्हणजे वि.चा चुलतभाऊ, पलीकडच्याच घरात राहतो, तो होता म्हणून बरं. सलाईन लावलं.

डॉक्टर तरुण आहे, स्पष्ट बोलला. ऊन लागलंय. उन्हात फिरले होते का? म्हटलं, नाही हो, घरातच झोपलेले. घर कशाचं? पत्र्याचं. मग त्यानं पेन खाली ठेवलं. "यांना त्या पत्र्याखालून काढा. पुन्हा असं झालं तर इथपर्यंत आणायलाही वेळ मिळणार नाही."

सासूबाईंच्या वेळी सगळे म्हणाले, वय झालं होतं. मी पण म्हटलं.


२९ मार्च

घरी आणलं. गोठ्याची एक बाजू झाडून काढली. जुन्या घराचे कूड आम्ही गोठ्याला लावले होते आणि वर गवत आहे, त्यामुळे भर दुपारी आत गारवा. बैल मजेत आणि माणसं तव्यावर, असा आमचा संसार. बाज तिकडं नेली, स्वच्छ गोधडी घातली.

बाबांनी बाज स्वतः ओढत परत आणली. सलाईनच्या हातानं.

"मी नाय जायाचा तिठं."
"का पण?"
"तिठं ती नाय येत."

वि. बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला हे ऐकवत नाही. मला ऐकवतं, आणि मग संध्याकाळी अंगावर काटा येतो.


१ एप्रिल

क्रम का तोच, ते आज कळलं. मुद्दाम अंगणात उभी राहिले. मागच्या डोंगराची सावली आधी चुलीकडच्या पत्र्यावर येते, मग मधल्या खोलीवर, शेवटी ओट्याकडं. जिथं सावली तिथं आवाज. अगदी सोपं आहे.

सासूबाई पण तशाच जायच्या. दिवा लावला की आधी चुलीपाशी, मग मधल्या खोलीत कणसरी देवीपुढं, मग ओट्यावर बाबांजवळ येऊन टेकायच्या.

सगळं समजल्यावरही चुलीवर टक् झालं तेव्हा मी पदर सारखा केला. सासूबाई आल्या की करायचे तसाच. स्वतःचा राग आला.


६ एप्रिल, जव्हार

शिक्षकांचं प्रशिक्षण. हॉलला पण पत्राच. नाशिकचे एक सर आले होते, विषय वातावरणातला बदल. म्हटलं झालं, आता बर्फ वितळल्याची चित्रं बघायची. पण हा माणूस घरांवर बोलला. घर तापलं की पंखा लागतो. पंख्याला वीज, विजेला कोळसा. कोळसा जाळला की पृथ्वीभोवतीचं पांघरूण जाड होतं, उष्णता आत कोंडते. म्हणजे अजून ऊन, अजून पंखे. सिमेंट आणि पत्रा बनवतानाही भट्ट्या जळलेल्याच असतात. म्हणून जे घर आपलं आपण गार राहतं, ते फक्त घरच्यांचं भलं करत नाही.

मग विचारलं, "तुमच्याकडच्या जुन्या कुडाच्या घरात आज कोण कोण राहतं?" अर्धा हॉल जमिनीकडं बघायला लागला. आम्ही सगळ्यांनी पगार सुरळीत झाल्यावर पहिलं तेच पाडलं होतं.

चहाच्या वेळी गाठलं त्यांना. पत्र्याचं घर आहे, पाडता येत नाही, काय करू? म्हणाले, पाडू नका. पत्र्यावर बांबू आडवे टाका, त्यावर गवत शाकारा, मधे वीतभर फट ठेवा म्हणजे वारा खेळेल. पत्र्याला ऊन दिसताच कामा नये.

एस.टी.त खिडकीशी बसून पाडे नुसते बघत आले. सगळीकडं नवे पत्रे चकाकत होते. डोळे दिपत होते. इतक्या घरांत किती म्हातारी माणसं पडून असतील.

आणि उतरताना ते डोक्यात आलं, जे सरांना विचारायचं सुचलंच नाही. पत्रा तापला नाही, तर वाजणारही नाही.


९ एप्रिल

वि.शी भांडण. "पक्क्या घरावर गवत? लोक म्हणतील, कारकुनाच्या घराला गोठा केला." म्हटलं, लोक बाबांना खांदा द्यायला येतील तेव्हा त्यांना पक्कं घर दाखवा. जास्तच बोलले. पण बोलले ते बोलले. ठिणगीची भीती आहे म्हणाला, ते मात्र खरं आहे. चुलीचं धुराडं बाजूच्या भिंतीतून छपरापासून लांब काढायचं, असं ठरलं. म्हणजे मानलं त्यानं.

गवत पोशेऱ्याहून, माझ्या दादाकडून. यंदा व्यापाऱ्याचा ट्रक त्याच्याकडं आलाच नाही, गंजी तशीच उभी आहे.


१२ एप्रिल

बाबांना सांगायचं की नाही, तीन दिवस हेच. न सांगता करणं शक्यच नाही, कारण शाकारताना पहिली पेंढी घरातल्या वडीलमाणसानं ठेवायची ही आमच्याकडची रीत. ती दुसऱ्या कुणी ठेवली तर बारकू शाकारायला शिडीवर पाय ठेवणार नाही.

आज सांगितलं. सगळं. सावली, पत्रा, आकुंचन. फळ्यावर सांगते तसं. गवत घातलं तर घर गार होईल, तुम्ही जगाल, आणि संध्याकाळचा आवाज बंद होईल.

शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मंग ती जाईल कोठं?"

मी चूल पेटवायला उठले.


१५ एप्रिल

गवत येऊन अंगणात पडलंय. बांबू बांधून झाले. बारकू रोज येऊन बघून जातो. बाबा बाजेवर भिंतीकडं तोंड करून. वि. चिडला, मीच ठेवतो पेंढी म्हणाला. मी हात धरला त्याचा.


१७ एप्रिल

भाकऱ्या करत होते. चुलीचा जाळ खालून, पत्रा वरून. डोळ्यापुढं काळं आलं, परात हातातून सुटली. पडले नाही, भिंतीला टेकले. बाबा दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही.

"ती बी अशीच लाल होऊन बसं," म्हणाले. "मला सांगं, डोकं फिरतंय. मी म्हनलू, नवं घर हाय, सवय होईल."

मग बाहेर जाऊन पेंढी उचलली. बारकूनं शिडी धरली, वि.नं कंबर. वर जाऊन ओट्याच्या बाजूला ठेवली, त्यावर तांदळाचे दाणे टाकले, आणि हात तसाच पेंढीवर ठेवून राहिले. मी खूप रडले, परातीतलं पीठ गोळा करता करता.


२० एप्रिल

शाकारून झालं. काल दुपारी घरात आले तर वाटलं दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरले. विश्वास बसेना म्हणून शाळेतला तापमापक आणला. आमच्याकडं पारा झाडाखालच्या सावलीत असतो तितकाच, बारकूकडं नळीत वर वर चढत गेला. लाइट आली तर पंखा लावायचं कुणाला सुचलं नाही.

संध्याकाळी पातेलं हातात धरून उभी राहिले. डोंगराची सावली आली, गेली. काहीच नाही. बाबा उठून बसले होते, मान वर. अंधार पडला तरी तसेच. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, "थांब, येल."


२४ एप्रिल

वि. कचेरीत फुशारकी मारतो आहे, जणू त्याचीच कल्पना. मारू दे. बारकूला पण हवं आहे. शाळेच्या वर्गांवर घालायचं का, असा विषय हेडमास्तरांकडं काढला. मुलं दुपारी वहीनं वारा घेत बसतात, त्यांचं अर्धं लक्ष घामात. आधी हसले, मग म्हणाले घरी येऊन बघतो. एका घरानं जगाचं ऊन कमी होणार नाही हे मला कळतं. पण आमच्या पंख्यापायी आता कुठं कोळसा जळत नाही, एवढं तरी मी वर्गात मान वर करून सांगू शकते.

बाबा जेवत नाहीत. पेज पुढं केली की दोन घोट. अंग गार आहे, नाडी बरी. डॉक्टरच्या हिशोबानं उत्तम.

आणि मी. मला वाटलं होतं सुटेन. चुलीपाशी उभी राहते आणि वर काही होत नाही तेव्हा घर इतकं मोकळं वाटतं की पदर सारखा करायला कारण उरत नाही. सासूबाईंना हाकलून लावल्यासारखं झालं आहे. मीच लावलं.


२८ एप्रिल

वि. म्हणाला, तिथी आली की वर्षश्राद्ध करू, सगळं शांत होईल. बाबा म्हणाले, "शांतच तर हाय."


५ मे

आज बाबा पोटभर जेवले. नाचणीची भाकरी मागून घेतली. वि. खूश. मी पण.


७ मे

ओट्याच्या बाजूला धग लागतेय असं वाटलं, अंगणात जाऊन वर बघितलं तर बाबांच्या बाजेच्या नेमकं वर गवत नाही. वि. म्हणाला वाऱ्यानं उडालं असेल. मी म्हटलं, असेल. पेंढ्या गोठ्यामागं होत्या, एकावर एक नीट रचलेल्या, दोर सोडवून गुंडाळून ठेवलेला. वारा दोर गुंडाळत नाही. त्या वयाचा माणूस एकटा शिडी चढला कसा, आम्ही दोघं घरी नसताना?

बाज गारव्यात, मधल्या खोलीत नेली. संध्याकाळी परत होती तिथंच.


८ मे

अंगाला हात लावला. कढत. म्हणाले, "काय नाय, बरं हाय." डोळे मात्र किती दिवसांनी हसरे. डॉक्टरचं बोलणं डोक्यात घोळतंय. गवत बाबांनीच काढलं हे वि.ला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो गवत घालून वर तारेनं आवळून टाकेल, आणि बरोबरच करेल.


९ मे

पेंढी काखेत घेऊन मीच चढले. दिवस मावळायला आला होता. उघड्या पत्र्यावर तळवा टेकला, पोळला, तरी काढला नाही. सावली चुलीच्या बाजूनं गवतावरून सरकत येत होती, काही आवाज न करता.

खालून बाबा म्हणाले, "सुमन, थांब जरा. येलच आता."

मी थांबले. सावली माझ्या हातावर आली. आणि पत्रा वाजला, माझ्या तळव्याच्या खाली, कुणी आतून बोटानं वाजवावं तसा.

"आयकलंस?"
"हो बाबा," म्हटलं.

पेंढी खाली आणली, शिडीला टेकवून ठेवली. शिडी काढलेली नाही. उद्या ऊन आजच्याहून कडक आहे असं रेडिओवर सांगत होते.