अब्बांची खाट

९ नोव्हेंबर, आंजी
माझं ठरलंय त्या रियाजच्या घरून निरोप आला. 'बाप को कोई और देख ले, तो ही निकाह.' कोण बघणार? अम्मी गेली, भाऊ नाही. दीड वर्ष झालं, अब्बा लकव्याने खाटेवर. उजवं अंग गेलेलं, बोलणं अर्धं.
'नाही' कळवलं. संपलं!

१० नोव्हेंबर
मशिदीतले हाफिजजी समजूत घालायला आले. "बेटी, ये आज़माइश है. अल्लाह जिसे चाहता है, उसी को आज़माता है." मग जरा कमी चाहावं!
वर म्हणे, "इबादत की ज़रूरत उसे नहीं, हमें है." मला कशाची गरज आहे, ते कोणी विचारलं का? कालपासून नमाज सोडली आहे. अब्बांना सांगितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर
अब्बांना गार पाणी सोसत नाही, म्हणून वजूऐवजी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याऐवजी, कोरड्या मातीचा तयम्मुम. शेजारच्या शकुंतलाबाई त्यासाठी शेतातलं कोरडं ढेकूळ आणून देतात. अब्बा त्यावर डावा हात टेकवतात, तोंडावरून फिरवतात आणि पडल्या पडल्या मानेच्या इशाऱ्याने नमाज. दिवसातून पाच वेळा! एकही चुकत नाही. आणि अल्लाहने बदल्यात काय दिलं? डायपर.

१५ नोव्हेंबर
लिहूनच टाकते. झाडताना आज खाट फिरवली. मुद्दाम. अब्बांचं तोंड मावळतीकडे असायचं, मक्केतल्या काब्याकडे; नमाजाची दिशा तीच, किब्ला. आता उगवतीच्या खिडकीकडे आहे. बघू, वरच्याला कळतं का!
अब्बा काही बोलले नाहीत. त्यांना आता दिशाही कळत नसावी.

१८ नोव्हेंबर
शकुंतलाबाई ढेकूळ घेऊन आल्या. "काऊन वो नुजहत, खाट फिरवली काय?"
पटकन म्हटलं, पाठ भरून येते, इकडून उचलायला सोपं जातं.
"मंग बरं केलं. बापाले उचलू उचलू वाळून गेली तू."
अब्बा डोळे मिटून पडले होते.

२ डिसेंबर
काही झालं नाही. अब्बा उगवतीकडे नमाज पढतात, मी चहा पिते.

७ डिसेंबर
हाफिजजी पुन्हा आले. दारातच थबकले. "किब्ला तो उधर है! ये किसने किया?"
अब्बांनी डावा हात वर केला. जन्मभर आठवडी बाजारात बसलेला माणूस, बोलणं वऱ्हाडीच. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "म्या... सांगतलं. तिची... पाठ दुखते."
हाफिजजी नरमले. मजबूर माणसाची नमाज कुठल्याही दिशेला होते म्हणाले, पण जमलं तर फिरवा. गेले.
मी खाटेशी बसले. तुम्हाला कळलं होतं?
"रोज... ऊन तोंडावर येते, बाई."
मग बोलला का नाहीत?
"तू... रागात होती."
एवढंच! तीन आठवडे! त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. लाज वाटते. आणि राग अजून गेलेला नाही, तेही खरं.

८ डिसेंबर
पहाटे एकटीने खाट फिरवली. ढेकूळ पुढे धरलं. अब्बांनी हात टेकवला, तोंडावरून फिरवला. मग ढेकूळ माझ्याकडे सरकवलं.
मला कशाला, म्हटलं, मी काय आजारी आहे?
"ठेव... हात."
ठेवला.