फोनवरची म्याडम

६ नोव्हेंबर २०१७, खामगाव

आज पुन्हा जीभ घसरली! फोनवरच्या शेतकऱ्याला म्हणाले, "मले समजलं." सर पुण्याचे. मागून हसले — "समता, बियाणं कंपनीच्या मदत केंद्रातून बोलताय, बाजारातून नाही." फोन करणारे वऱ्हाडातले, उचलणाऱ्या आम्ही वऱ्हाडातल्या, आणि बोलायचं मात्र यांच्यासारखं! शेजारची मदिहा बरी. सर चहाला गेले की 'का हो' सोडून खुशाल "काऊन हो काका?" म्हणते. माझी हिंमत नाही. पंधरा तारखेला मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार.

७ नोव्हेंबर

मला, तुला, त्याला. आंघोळ करताना घोकलं. एम. ए. झालेली बाई मी!

९ नोव्हेंबर

दिवसभर एकही चूक नाही. सर म्हणाले, "आता कोण म्हणेल तुम्ही उंद्रीसारख्या खेड्यातल्या?" इतकी खूश झाले की स्वतःचीच लाज वाटली.

११ नोव्हेंबर

लिहवत नाही. दुपारी फोन उचलला तर बाबा! कामावर असताना मला फोन करू नका, असं मीच बजावलेलं. म्हणून बियाण्याच्या पिशवीवरचा नंबर लावला असणार. नेमके सर माझ्याच कॉलवर कान लावून बसलेले.

"उंद्रीहून पुंजाजी बोलून राह्यलो. बीटी कपाशीले अळी लागत नाई म्हनता, पन बोंड फोडलं का आत गुलाबी अळी! फवारू का उपटू?"

मी म्हणाले, "नमस्कार काका, आपण मुळीच काळजी करू नका." काका! जन्मदात्या बापाला! पुढे कंपनीने दिलेल्या उत्तरांच्या कार्डावरचं वाचलं — फवारणी करा. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिथवर पोचत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कार्डावर ते नव्हतं.

"बरं म्याडम," म्हणाले. ओळखलंच नाही मला. सर म्हणाले, "उत्तम!"

संध्याकाळी घरी फोन करून खरं सांगणार होते. केला नाही.

१५ नोव्हेंबर

कायम झाले. पेढे वाटले. माझ्या वाटणीचा मदिहाला दिला.

१९ नोव्हेंबर, उंद्री

कपाशी गेली, वर फवारणीचा पैसाही गेला. बाबांसमोर कबूल केलं — फोनवर मीच होते.

"मालूम हाय. पयल्याच शब्दाले वळखलं तुले. सायब ऐकत असन म्हून म्याडम म्हनलं. म्या त उपटाचंच ठरवलं होतं. पन तू सांगतलं ना, म्हून फवारलं."